नऊ सणांचा संसार

इम काकूंचा संसार एकूण नऊ सणांचा. मी चेष्टा नाही करत, त्या स्वतःच बोटांवर मोजून दाखवायच्या. थंडीच्या सणाचे तांदळाचे गोळे दोनदा, नवं वर्ष दोनदा, पितरांचा सण दोनदा, पाचव्या महिन्यातल्या पानात बांधलेल्या भाताच्या पुड्या दोनदा, आणि आठव्या महिन्याची पौर्णिमा एकदा. दहाव्या सणाला त्या चंद्राच्या वड्या घेऊन सासरी पोचल्या, तेव्हा घरात नवरा नव्हता.

आमच्या तुआऔ गावाची जुनी रीतच तशी. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मुलगी माहेरी परत यायची आणि पोटात मूल राहीपर्यंत सासरी जायची ती फक्त सणाला. संध्याकाळी जायचं, सकाळी निघायचं, आणि डोक्यावरचा रुमाल डोळ्यांपर्यंत ओढलेला. माझंही तसंच झालं. दोन वर्षं मी नवऱ्याला त्याच्या पायांवरून ओळखत होते, आणि एकदा बंदरावर त्याच्या धाकट्या भावाकडे बघून उगाचच लाजले होते. मला मूल लवकर झालं म्हणून मी सुटले.

काकूंचं पूर्ण नाव सिऊ-इम. माहेर डोंगराकडचं, सासर समुद्रावरचं. नवरा थिएन-स्वी, मासेमारीच्या होडीवर जायचा. एकोणपन्नास साली लढाई आमच्या किनाऱ्यापर्यंत आली, आणि हरलेलं सैन्य समुद्रापलीकडे जाताना गावातल्या होड्या घेऊन गेलं, होड्यांसकट माणसंही घेऊन गेलं. पौर्णिमेला चार दिवस होते. काकू आल्या तेव्हा सासू चुलीपुढे बसली होती आणि चूल पेटलेली नव्हती. काकू तेव्हा अठरा वर्षांच्या. सकाळी माहेरी जायचं सोडून त्यांनी विहिरीवरून पाणी आणलं, आणि मग त्या गेल्याच नाहीत. ना मूल ना बाळ, आणि स्वतःच्या पायांनी सासरी राहायला आलेली सून गावानं कधी पाहिली नव्हती. बायका हसल्या. काकूंना कोणी हसलं की त्या उलट जोमानं काम करायच्या. दगडाच्या खाणीवर दोन माणसांचा धोंडा त्या आणि सासू मिळून कावडीनं वाहायच्या.

मी लग्न होऊन शेजारी आले ती अडुसष्ट साली. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत. त्या भिंतीवरूनच मला काकू कळल्या, थिएन-स्वी काकाही कळले. नऊ सणांत माणूस किती कळणार, असं मी एकदा उद्धटपणे म्हणाले.

"पुष्कळ कळतो," काकू म्हणाल्या. "गोळे खाताना लाल गोळे आधी वेचायचे, पांढरे मागून. भाताच्या पुडीची दोरी दातांनी सोडायचे. वर्षअखेरीच्या गोड क्वेचा उरलेला तुकडा तव्यावर परतला की करपलेला कोपरा त्यांनाच लागायचा. आणि मासा खात नाहीत."

"कोळी असून?"

"सणाला सासूबाई मासा समोर ठेवायच्या, ते हात लावायचे नाहीत. वर्षअखेरीचा मासा कुणीच संपवत नाही, पुढच्या वर्षाला उरावा म्हणून, ते मला ठाऊक आहे. पण बाकीच्या सणांनासुद्धा? नाही म्हणजे नाही. ताट माझ्याकडे सरकवायचे."

म्हणून वर्षअखेरीच्या रात्रीच्या जेवणाला काकू काकांसाठी एक वाटी मांडायच्या, तिच्यात करपलेला कोपरा असायचा, मश्रूम असायची, मासा कधी नसायचा. वाटीवर जेवायच्या काड्या आडव्या ठेवलेल्या. उभ्या खोचल्या तर ते मेलेल्याचं पान. आमच्या गल्लीतल्या बायका काही ना काही मागायच्या निमित्तानं डोकावून जायच्या, काड्या आडव्या आहेत की उभ्या ते बघायला. माणसाला दुसऱ्याच्या ताटात बघायची खोडच असते. मीही दोनदा मीठ मागायला गेले होते.

पण खरी गोष्ट क्वेची, वर्षअखेरीला वाफवायच्या त्या गोड तांदळाच्या गोळ्याची. चिकट तांदूळ भिजवून जात्यावर ओला दळायचा, पीठ कापडी पिशवीत भरून वर धोंडा ठेवायचा, पाणी निथळलं की साखर घालून मळायचं आणि पान अंथरलेल्या टोपलीत भरून दिवसभर वाफवायचं. चिकट असतो म्हणून घरातली माणसं एकमेकांना चिकटून राहतात, गोड असतो म्हणून वर्ष गोड जातं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि वाफवताना चुलीपाशी वेडंवाकडं बोलायचं नाही. संपलं म्हणायचं नाही, जळलं म्हणायचं नाही, झालं का असं विचारायचंसुद्धा नाही. पातेल्याच्या पाण्यात चिनीमातीचा एक तुकडा टाकलेला असतो. तो खुळखुळतोय तोवर पाणी आहे. खुळखुळ थांबली की गुपचूप पाणी ओतायचं.

ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल त्या घरानं क्वे वाफवायचा नाही, आणि दुसऱ्याच्या चुलीपाशीही जायचं नाही. मग ते घर बिनगोडाचं राहतं का? नाही राहत. शेजारीण आपल्या घरचा क्वे नेऊन देते. बोलायचं काही नसतं. दुःखातलं घर तो दोन हातांनी घेतं आणि साखरेची पुडी परत देतं.

आता तुम्हीच सांगा, काकूंनी क्वे वाफवायचा की नाही? गावात यावर दोन मतं होती. माझ्या सासूबाईंचं मत सगळ्यांत मोठ्या आवाजाचं. "ना धड सवाष्ण, ना धड विधवा," त्या म्हणायच्या. "माझी चूल पेटली की तिला उंबऱ्याबाहेर ठेवा रे बाबा." काकूंनी कुणालाच उत्तर दिलं नाही. दर वर्षी बाराव्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला सकाळी त्यांच्या धुराड्यातून धूर निघायचा. जोवर माझा क्वे वाफतोय तोवर माझा माणूस जिवंत आहे, असाच त्या धुराचा अर्थ होता. भुकेच्या वर्षांत तांदूळ दिसत नव्हता, तेव्हा त्यांनी रताळ्याच्या पिठाचा वाटीएवढा वाफवला होता म्हणे. जुन्या चालीरीती मोडायचं खूळ आलं, तेव्हा गावच्या सरकारी कामतुकडीचा प्रमुख दारात येऊन म्हणाला, "हे काय चाललंय?" काकू म्हणाल्या, "जेवण करतेय. तुमच्या घरी वाफेवर काही शिजत नाही वाटतं?" तो निघून गेला. तेव्हापासून माझं काकूंवर जे मन बसलं ते बसलंच.

चौऱ्याहत्तर साली त्यांची सासू गेली. त्या वर्षअखेरीला रीतीप्रमाणे काकूंच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. गल्लीतून सहा क्वे गेले. काकूंनी दोन हातांनी घेतले, सहा पुड्या साखर दिली. सातवा माझ्या सासूबाईंचा. टोपली मी धरली होती.

"घे इम," सासूबाई म्हणाल्या. "आता दोघांचं मिळून एकदाच होऊन जाऊ दे."

काकूंचे हात पुढे आलेले होते, ते मागे गेले. "दोघं कोण?"

"कोण म्हणजे? पंचवीस वर्षं झाली बाई. एक ओळीचं पत्र नाही. किती दिवस मनाला फसवणार?"

"माझ्या घरातलं एकच माणूस गेलंय. हा क्वे दोघांचा असेल तर घरी घेऊन जा."

"अगं, तुझ्या भल्यासाठी..."

"माझं भलं मी बघते. तुम्ही तुमचा क्वे बघा, कडेनं कच्चा राहिलाय."

असं सणाच्या तोंडावर म्हणणं म्हणजे शिवीच. सासूबाई तरातरा घरी आल्या. पुढची दोन वर्षं दोघी बोलत नव्हत्या. सगळा कारभार माझ्या तोंडून. "लिएन, तुझ्या सासूला सांग, तिची कोंबडी माझ्या अंगणात अंडं घालून जाते. अंडं मी खाल्लं, तेही सांग." मी सांगायचे. सासूबाई म्हणायच्या, "तिला विचार, मीठ होतं का घरात, की तेही पाठवू?" नंतर कोंबडीच मेली आणि अबोला आपोआप मिटला. पण तो परत आलेला क्वे सासूबाई विसरल्या नाहीत. आम्ही तो महिनाभर परतून परतून खाल्ला, आणि खरंच कडेनं कच्चा होता.

मग ऐंशीनंतर हाँगकाँगच्या वाटेनं समुद्रापलीकडची पत्रं येऊ लागली. कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ. काकूंना आलं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की त्या हातातलं काम आणखी जोरात करायच्या, त्याच्याकडे बघायच्या नाहीत. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात पलीकडच्या लोकांना घरी यायची परवानगी मिळाली आणि त्या वर्षअखेरीला, सव्वीस तारखेच्या दुपारी, माझे चुलत सासरे हाय काका आले. एकोणीस वर्षांचे असताना थिएन-स्वी काकांच्याच होडीतून गेलेले, सत्तावन्नाव्या वर्षी परतले. केस काळे केलेले, अंगात कोट. सासूबाई एरवी मेल्या तरी रडणार नाहीत, पण दिराच्या कोटाची बाही धरून बसल्या ती सोडेचनात. सगळं बोलून झाल्यावर हाय काकांनी आवाज खाली आणला.

"थिएन-स्वीची बायको आहे का अजून?"

"आहे की," मी म्हणाले. "भिंतीपलीकडेच. बोलावू?"

"नको," ते म्हणाले. "थिएन-स्वी गेला. आठव्या महिन्यात, पौर्णिमेच्या आधी. यकृताचं दुखणं. परवानगी निघाली त्याच्या आधी महिना-दीड महिना."

भिंतीपलीकडे जात्याचा आवाज येत होता. काकू दुसऱ्या दिवशीच्या क्वेचा तांदूळ दळत होत्या.

माझा नवरा म्हणाला, सणाच्या तोंडावर असलं कसं सांगायचं, पंधरा दिवस जाऊ देत. मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. पण सासूबाईंनी मान हलवली.

"आणि उद्या तिनं चूल पेटवली म्हणजे? नवरा गेल्याच्या वर्षात बायकोनं गोड वाफवायचं? आज ना उद्या तिला कळेलच. मग ती आपल्याला काही म्हणणार नाही, पण स्वतःला काय काय म्हणेल? अडतीस वर्षं रीत धरून राहिलेली बाई आहे ती."

"मग तुम्ही सांगा तिला, आई," मी म्हणाले.

"मी एकदा नेला होता," सासूबाई म्हणाल्या. "तो वेळेआधीच नेला. आता माझे पाय वळणार नाहीत तिकडे. तू ने."

आमचा क्वे आदल्या दिवशीच वाफवून झाला होता. सत्तावीसच्या सकाळी मी त्यातला एक टोपलीत ठेवून कापडानं झाकला आणि भिंतीवरून हाक न मारता, नीट दारानं गेले. काकू अंगणात होत्या. पिशवीवरचा धोंडा नुकताच खाली उतरवलेला, पीठ मळायला घेणार तेवढ्यात मी. चुलीत लाकडं रचलेली दिसत होती. काडी लावायची बाकी होती.

त्या म्हणाल्या, "आज दारानं? भिंत पडली का?"

मग त्यांचं लक्ष टोपलीकडे गेलं. मी काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं आणि त्यातला एक शब्द आठवला नाही. मी कापड बाजूला केलं. काकूंनी क्वेकडे पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील घरी घेऊन जा, आणि मला ते हवंही होतं. म्हटलं असतं तर मी आनंदानं पळत घरी गेले असते.

त्यांनी हाताला लागलेलं पीठ आधी पुसलं. एक हात, मग दुसरा. आणि दोन्ही हात पुढे केले.

मी रडायला लागले. त्या नाही रडल्या. क्वे ओट्यावर ठेवून त्यांनी आपल्या क्वेसाठी मोजून ठेवलेली साखर कागदात बांधली आणि माझ्या हातात दिली. "आत ये म्हणत नाही, लिएन. सण आहे तुमचा. कधी गेले?"

"आठव्या महिन्यात. पौर्णिमेच्या आधी."

"हाय आलाय ना? काल आवाज ऐकला. त्याला भिंतीपाशी बोलव. मी तुमच्या घरात यायची नाही आता."

भिंतीच्या त्या बाजूला काकू, या बाजूला हाय काका कोट घालून उभे, पोरानं वर्गात उभं राहावं तसे. काकूंनी त्यांना दुखण्याचं विचारलं नाही.

"रोजचं काय खायचे?"

हाय काका गोंधळले. "रोजचं? भात, भाजी, मासे..."

"मासे?"

"त्याच्याइतका मासेखाऊ बंदरात दुसरा नव्हता वहिनी. डोकं चोखायचा, काटे चोखायचा. आम्ही मांजर म्हणायचो त्याला. इथं असतानासुद्धा. होडीवर आमच्या वाट्याचे पळवायचा."

काकू भिंतीवर हात टेकून उभ्या राहिल्या. डोंगराकडची मुलगी, सणाला भुकेली यायची, पुढ्यातलं ताट तिच्याकडे सरकवणारा माणूस. ते त्यांना तेव्हा कळलं आणि मलाही. "अडतीस वर्षं मी त्यांना मश्रूम वाढली," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यासाठी मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, वाहू दिलं.

मग म्हणाल्या, "पत्र का नाही लिहिलं, ते मी विचारत नाही. बाई होती ना तिथे?"

हाय काकांनी मान खाली घातली. "पंधरा वर्षं एकटाच राहिला. मग केली. तिकडच्या कीलुंग बंदरातली आहे. दोन मुली. पत्र लिहायला बसायचा आणि फाडायचा. काय लिहू म्हणायचा."

"बाई कशी आहे?"

"चांगली आहे. कष्टाची आहे. बाजारात माशांचे गोळे विकते."

"शेजारपाजार?"

"कसला शेजार, वहिनी. चार मजल्यांची इमारत. शेजारच्या खोलीत कोण राहतं ते कुणाला ठाऊक नसतं."

"म्हणजे तिच्या घरी यंदा क्वे नाही," काकू म्हणाल्या.

काकू वळल्या, अंगणातून पिठाची ती पिशवी उचलून आणली आणि भिंतीवर ठेवली. चांगली जड होती. "लिएन, याचा वाफव. साखर तुझ्या हातात आहेच. हाय, तू केव्हा निघणार?"

"पहिल्या पौर्णिमेच्या दिव्यांच्या सणानंतर."

"तोवर टिकतो. तिकडे पोचेपर्यंतही टिकेल. वरून कापडात बांध, कागदात नको, घाम धरतो."

मी आमच्या अंगणात चूल पेटवली. सासूबाई, ज्यांनी कधी काळी काकूंना उंबऱ्याबाहेर ठेवा म्हटलं होतं, त्या स्वतः खुर्ची घेऊन काकूंच्या अंगणात, भिंतीला लागून बसल्या. शोकातल्या घरी सणाआधी जाऊन बसू नये, याची त्यांना कुणी आठवण करून दिली नाही. काकू भिंतीपलीकडून सांगत होत्या, आच कमी कर, पानाची कड आत घाल, तुकड्याचा आवाज बंद झाला बघ, पाणी ओत. दिवसभर. तिन्हीसांजेला मी काडी खुपसून पाहिली, ती स्वच्छ निघाली. क्वे उतरवून मी भिंतीपाशी नेला. काकूंनी त्याला हात लावला नाही, वाकून वास घेतला.

हाय काकांनी खिशातून पेन काढलं. "वहिनी, कुणाकडून म्हणून सांगू तिला? थोरलीकडून सांगू? की इथल्या घरून?"

"काही नको असलं," काकू म्हणाल्या. "दुःखातल्या घरी क्वे कोण नेतं? शेजारीण नेते. शेजारणीनं दिलाय म्हणून सांग."

आणि मग त्यांनी सासूबाईंना उठायला हात दिला, कारण थंडी पडू लागली होती.